अर्जेंटिनातील सिरियन

अर्जेंटिनातील सिरियन : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अर्जेंटिनात येऊन स्थायिक झालेले सिरियातील लोक व त्यांचे वंशज. त्यांची मोठी लाट पहिल्या महायुद्धापूर्वीची. सिरिया व लेबानन तेव्हा ऑटोमन साम्राज्यात होते. त्यामुळे दोन्हीकडची माणसे तुर्की कागदपत्रांवर बंदरात उतरली आणि सरसकट ‘तुर्को’ ठरली. सरकारी नोंदींतही ती वेगळी काढता येत नाहीत. सिरियन वंशाच्या लोकसंख्येचे छातीठोकपणे सांगितले जाणारे आकडे म्हणून बेताबेतानेच घ्यावेत.

स्थलांतरितांत ऑर्थोडॉक्स व इतर पंथांचे ख्रिस्ती बरेच होते. शिवाय सुन्नी, अलवी, द्रूझ आणि अलेप्पो-दमास्कसचे ज्यूही होते. गावाकडची ओढगस्त हे देश सोडण्याचे मुख्य कारण. 1909 नंतर मुस्लिमेतरांनाही लष्करभरती सक्तीची झाली, तेव्हा तरुण आणखी वेगाने बाहेर पडले. 1853 च्या अर्जेंटिनी राज्यघटनेने उत्तेजन दिले होते ते युरोपीय स्थलांतराला. या मंडळींचे स्वागत त्यामानाने थंडच झाले.

शेतजमीन घ्यायला भांडवल नव्हते, म्हणून बहुतेकांनी फेरीचा धंदा धरला. पाठीवर गाठोडे किंवा गळ्यात पेटी. आत कंगवे, सुया-दोरे, साबण, कापडाचे तुकडे, संतांच्या तसबिरी. भाषा मोडकीतोडकी, पण उधारी चोख लक्षात. रेल्वेचा रूळ संपे तिथून पुढे पायी किंवा खेचरावर जाऊन हे फेरीवाले दूरच्या वस्त्यांत माल पोचवीत. चार पैसे गाठीला लागले की तिथेच दुकान टाकीत आणि भाऊबंदांना बोलावून घेत. त्यामुळे राजधानीइतकेच तुकुमान, सांतियागो देल एस्तेरो, साल्ता, ला रिओखा हे वायव्येकडचे प्रांत त्यांचे घर झाले. या समाजाचे पुढचे राजकीय वजन या आडगावच्या दुकानदारीतूनच आले, असे म्हणता येते.

माजी राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम (1930–2021) यांचा जन्म ला रिओखातील आनिल्याको गावचा. आईवडील सिरियातील यब्रूदचे, सुन्नी मुस्लिम. राष्ट्राध्यक्ष कॅथलिकच असावा अशी घटनेची अट होती. मेनेम आधीच कॅथलिक झाले होते. 1989 ते 1999 ते राष्ट्राध्यक्ष राहिले आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1994 च्या घटनादुरुस्तीत, ती अट गेली. त्यांच्या आर्थिक धोरणांविषयी आजही टोकाची मते आहेत. गिटारवादक एदुआर्दो फालू (1923–2013) व कादंबरीकार हुआन होसे साएर (1937–2005) हेही सिरियन आईबापांचेच पुत्र.

वंशजांची बोली आता स्पॅनिश. अरबी उरली ती प्रार्थनेत, आडनावांत आणि स्वयंपाकघरात. लिंबू पिळलेले मांसाचे सारण भरलेल्या करंज्या, म्हणजे ‘अरबी एम्पानादा’, मात्र साऱ्या देशाच्या झाल्या.

मायदेशी परतलेल्यांनी येर्बा माते हे पेय बरोबर नेले. सिरियाचा किनारी भाग, सलमिया व सुवैदा येथे ते घरोघर प्यायले जाते आणि अर्जेंटिनाच्या येर्बाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक अनेक वर्षे सिरियाच राहिला आहे.