उथळ पाणी, खडक आणि बोटीचा पंखा

वाफेच्या पहिल्या बोटी बाजूला किंवा मागे बसवलेल्या चाकांवर चालत. नदीतल्या खडकावर आपटून चाकाची फळी मोडली, तर खलाशी बोट काठाला लावून नवी फळी ठोकून घेत. मळसूत्री पंखा, म्हणजे प्रोपेलर, आला तेव्हा ही सोय गेली. हा पंखा सबंध पाण्याखाली फिरतो. लहान बोटींत तर तो बहुधा तळाच्याही खाली असतो, त्यामुळे खडक सर्वांत आधी त्यालाच लागतो.

इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ याने 1836 साली अशा पंख्याचे पेटंट घेतले. पुढच्या वर्षी पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना त्याच्या लाकडी मळसूत्राचा जवळजवळ अर्धा भाग तुटला आणि बोट उलट जास्त वेगाने धावू लागली. आखूड पंखा अधिक कामाचा, हे त्यातून कळले. एरवी मोडतोड अशी फायद्याची ठरत नाही. एक पाते जरी वाकले, तरी पंख्याचा तोल जातो, त्याला फिरवणारा दांडा थरथरतो, बेअरिंग आणि सील झिजतात. बोटीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनात सीलमधून पाणी शिरले की गिअरचे तेल दुधाळ होते.

पंखा खडकापासून लपवावा, हा पहिला उपाय. थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने 1882 साली काँगो नदीवरील मिशनसाठी ‘पीस’ ही बोट बांधली. तिच्या तळात बोगद्यासारख्या खोबणी ठेवून पंखे त्यात बसवले होते, त्यामुळे तिला सुमारे 12 इंच पाणी पुरत असे. धबधब्यांचा टापू टाळण्यासाठी बोट सुटी करून हमालांकरवी नेली गेली आणि 1884 साली पुन्हा जोडून स्टॅन्ली पूल या नदीच्या रुंद भागात उतरवली गेली.

दुसरा उपाय आउटबोर्ड इंजिनांबरोबर रूढ झाला. ओल एव्हिनरूड याने 1909 साली अमेरिकेत आपले इंजिन विकायला काढले आणि बोटीच्या मागे टांगायची इंजिने घरोघरी पोहोचली. अशा अनेक इंजिनांत पंखा आणि दांडा एका मऊ धातूच्या पिनेने जोडलेले असत. पंखा दगडावर अडला की आधी पिन तुटे. दांडा आणि गिअर वाचत. मग इंजिन वर उचलायचे, पंख्याचे नट काढायचे, तुटलेले तुकडे ठोकून बाहेर काढायचे आणि नवी पिन घालायची. म्हणून सुट्या पिना बोटीतच ठेवल्या जात. पुढे पिनेच्या जागी पंख्याच्या मध्यभागी रबरी हब आला. तो धक्का सोसतो आणि जोर फारच झाला तर घसरतो. एकदा घसरलेला हब मात्र बदलावाच लागतो. नाहीतर इंजिन फिरते आणि बोट जागची हलत नाही.

पात्यांची दुरुस्ती वेगळी. कडेच्या बारीक खाचा कानशीने घासून साफ करतात. वाकलेले पाते ठरलेल्या वळणाच्या ठोकळ्यावर ठोकून सरळ करतात आणि तुटलेला तुकडा वेल्डिंगने भरतात. शेवटी पंख्याचा तोल तपासतात. सगळी पाती सारख्या वजनाची आणि सारख्या वळणाची झाली नाहीत, तर थरथर कायम राहते. मुळाशी तडा गेलेला पंखा सहसा बाद करतात.

तिसरा उपाय पंखा पाण्यातून काढूनच टाकण्याचा होता. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्या उथळ, वेगवान आणि गोट्यांनी भरलेल्या. तिथले मेंढपाळ-अभियंता बिल हॅमिल्टन यांनी 1954 च्या सुमारास बोटीच्या आत पंप बसवला. तो तळातून पाणी ओढून मागे फेकत असे. फवाऱ्याचे तोंड पाण्याच्या किंचित वर घेतल्यावर वेग आणखी वाढला. तळाखाली काहीच लोंबत नसल्याने वीतभर पाण्यातूनही बोट धावू लागली. एडमंड हिलरी यांनी 1977 साली गंगासागरापासून हिमालयाकडे गंगेच्या प्रवाहाविरुद्ध मोहीम काढली, ती अशाच जेट बोटींतून. या बोटींनाही मर्यादा आहेत: खडे आणि वाळू आत ओढली गेली की पंपाची पाती झिजतात, शेवाळ जाळीत अडकते आणि कमी वेगात इंधन जास्त लागते. त्यामुळे जेट आल्यावरही पंखा आणि त्याची दुरुस्ती मागे पडली नाही.