सहा आठवडे तंबूत: अर्धा टन वजनाचे यंत्र आणि चार दशकांचे मोजमाप

इ.स. १८०८. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखराकडे दोरखंडांनी एक अवजड पेटी चढवली जात होती. भोवती सपाट प्रदेश, नारळीची दाट झाडी. दूरवर पाहायचे तर मंदिराइतकी उंच जागा दुसरी नव्हती. पेटीत अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट होता, म्हणजे दोन दिशांमधला कोन मोजणारे यंत्र. मध्येच दोर तुटला. पेटी मंदिराच्या भिंतीवर आदळली आणि यंत्राचे तीन फूट व्यासाचे पितळी वर्तुळ वाकले.

या यंत्राचे दुर्दैव तेवढेच नव्हते. इंग्लंडहून येताना त्याचे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले होते. तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते शास्त्रीय उपकरण असल्याचे ओळखून सौजन्याने परत पाठवले, म्हणून ते मद्रासला पोहोचले. युद्धातून वाचलेले यंत्र दोराच्या एका पेडापायी निकामी झाले.

वर्तुळ थोडे वाकल्याने काय बिघडते, हे समजण्यासाठी विल्यम लॅम्बटनची पद्धत पाहावी लागते. जमिनीवर एकच सरळ रेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या ठिकाणाचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते आणि साखळी पुढे सरकते. मात्र एका कोनातली चूक पुढच्या प्रत्येक त्रिकोणात वारशाने उतरते.

अशी पहिली आधाररेषा त्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, साखळी शंभर फुटी. जवळपास चारशे वेळा साखळी मांडायची, तापमानाने पोलाद किती प्रसरण पावले त्याचा हिशेब ठेवायचा. या एका रेषेला ५७ दिवस लागले. मद्रासच्या हिशेबी अधिकाऱ्यांना हा खर्च पटत नव्हता. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरते, मग एवढी उठाठेव कशाला, असा त्यांच्यातल्या एकाचा सवाल होता. कंपनीला नकाशा हवा होता. लॅम्बटनला पृथ्वीचा आकार मोजायचा होता. या दोन हेतूंमधले अंतर त्याने फारसे कोणाला जाणवू दिले नाही, असे म्हणायला हरकत नाही.

तंजावरच्या अपघातानंतर तो तंबूत शिरला. प्रमुख कारागिराखेरीज कोणालाही आत प्रवेश नव्हता. एका मोठ्या सपाट फळीवर मूळ मापाचे वर्तुळ आखले आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या लावून वाकलेले पितळ रोज थोडे थोडे ओढत त्या आखणीवर आणले. सहा आठवड्यांनी वर्तुळ जवळजवळ पूर्ववत झाले. मग हेच यंत्र घेऊन तो उत्तरेकडे निघाला.

पुढची वाट अधिक कठीण होती. १८१८ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट साहाय्यक म्हणून दाखल झाला. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात त्याची जवळजवळ सगळी तुकडी तापाने आडवी पडली आणि हैदराबादला परतताना काही जण वाटेतच दगावले. डोंगरमाथ्यांवरची झाडे तोडणारे, निशाणे रोवणारे, रात्री दिवे पेटवून ठेवणारे हे खलाशी आणि मजूर. त्यांतल्या बहुतेकांची नावे इतिहासाच्या पानांवर उतरलीच नाहीत. इतक्या सूक्ष्म नोंदी ठेवणाऱ्या खात्याकडून ही एक नोंद राहून गेली.

हैदराबादहून नागपूरकडे जात असताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटनचे निधन झाले. तो भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. वय सत्तरीच्या घरातले. त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीपासून वऱ्हाडापर्यंत, म्हणजे सुमारे चौदाशे किलोमीटर पोहोचली होती. हिमालय अजून फार दूर होता.

काम एव्हरेस्टकडे आले. दुखण्याने त्याचे हातपाय नीट चालत नव्हते. यंत्रापाशी बसवायला दोन माणसे लागत आणि स्क्रूपर्यंत पोहोचण्यासाठी हाताला आधार द्यावा लागे. अशा अवस्थेत त्याने सिरोंजची आधाररेषा पुरी केली आणि १८२५ मध्ये तो इंग्लंडला गेला. १८३० मध्ये परतला तो नवी उपकरणे घेऊन. लॅम्बटनचा जुना थिओडोलाइटही त्याने मोडीत काढला नाही, दुरुस्त करवून घेतला. गंगा-यमुनेच्या सपाट दुआबात डोंगर नाहीत, तेव्हा सुमारे पन्नास फुटी पक्के मनोरे बांधले गेले. गणितासाठी १८३१ मध्ये राधानाथ सिकदर रुजू झाले. उपकरणांचे नाजूक काम अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्या हाती आले.

साखळी डेहराडूनला पोहोचली तेव्हा खरी परीक्षा झाली. तिथली आधाररेषा प्रत्यक्ष मोजली आणि सिरोंजपासून गणिताने आलेल्या लांबीशी ताडून पाहिली. फरक निघाला साडेतीन फुटांच्या आसपास. शेकडो मैलांच्या अंतरात एवढी तफावत दुसऱ्या कोणी सोडून दिली असती. एव्हरेस्टचा संशय मात्र त्याने स्वतः, आजारपणात, साखळीने मोजलेल्या सिरोंजच्या रेषेवरच गेला. तो तुकडी घेऊन मागे फिरला आणि नव्या पट्ट्यांनी ती रेषा पुन्हा मोजली. फरक सुमारे सात इंचांवर आला. मग बिदरजवळची, लॅम्बटनच्या काळातली रेषाही १८४१ मध्ये अँड्र्यू वॉकडून पुन्हा मोजून घेण्यात आली. त्यानंतरच सुमारे २,४०० किलोमीटरचा हा चाप पूर्ण झाला.

या मोजमापांच्या आधारावर पुढे हिमालयातील शिखरांची उंची निघाली. क्रमांक १५ च्या शिखराचा आकडा सिकदर यांच्या गणितातून आला. १८५६ मध्ये २९,००२ फूट अशी उंची जाहीर झाली आणि शिखराला एव्हरेस्टचे नाव सुचवले गेले. लॅम्बटनच्या नावाचे शिखर नाही. त्याची कबर हिंगणघाटला आहे.