परतीचा पत्ता

आरतीसंग्रह उघडून बघा. ध्रुपद एकदाच पूर्ण छापलेलं असतं. पुढे नुसती ॥ धृ ॥ अशी खूण. मोताळ्याचं गणेश मंडळ असो की मुंबईची चाळ, गाणारे ध्रुपद म्हणतात आणि बरोबर पुढच्या कडव्यावर येतात. आपण कुठल्या कडव्यावर होतो, हे त्यांच्या लक्षात असतं.

कॉम्प्युटरला हे लक्षात ठेवायला शिकवावं लागलं. सबरुटीन म्हणजे प्रोग्रॅममधलं ध्रुपद: एकदा लिहायचं, हवं तिथून बोलवायचं. जाणं सोपं असतं. पण बोलावणारे अनेक, आणि प्रत्येकाची परतायची जागा वेगळी.

ॲलन ट्युरिंगने १९४५च्या अखेरीस लिहिलेल्या अहवालात परतीचे पत्ते 'पुरून' ठेवायची आणि नंतर 'उकरून' काढायची कल्पना मांडली होती. यंत्र मात्र कागदावरच होतं. १९४९मध्ये केंब्रिजला एडसॅक सुरू झालं, आणि तिथे विशीतल्या डेव्हिड व्हीलरने वेगळी युक्ती काढली. उडी मारण्याआधी आपली जागा सांगणारा आकडा सोबत न्यायचा; त्यावरून सबरुटीन परतीची सूचना तयार करून स्वतःच्याच शेवटी लिहिणार. प्रोग्रॅम चालता चालता स्वतःला बदलत होता!

तेव्हा मेमरी फार महाग होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६०मध्ये सुरू झालेल्या टिफ्रॅककडे २०४८ शब्दांची मेमरी होती. एवढ्याशा जागेत तेच गणित पुन्हा पुन्हा लिहिणं कुणालाही परवडणारं नव्हतं.

व्हीलरच्या युक्तीत दोन अडचणी होत्या. सबरुटीनने स्वतःलाच पुन्हा बोलावलं, तर जुना पत्ता पुसला जाई. आणि मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्रॅम असतो रॉममध्ये. तिथे चालता चालता काही लिहिताच येत नाही. उपाय होता स्टॅक, म्हणजे ताटांची चळत. शेवटी ठेवलेलं ताट आधी उचलायचं. बावर आणि सामेलसन या जर्मन संशोधकांनी १९५७मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला.

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असो की पुण्याच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या अनेक पिढ्या हे इंटेलच्या ८०५१वर शिकल्या. ही चिप १९८०ची, आतली रॅम फक्त १२८ बाइट. समजा ०१०० या हेक्स पत्त्यावर 'एलकॉल' ही तीन बाइटची सूचना आहे. परतायचं ०१०३ला. चिप आधी ०३ आणि मग ०१ स्टॅकवर ठेवते, स्टॅक पॉइंटर ०७वरून ०९वर जातो, आणि मगच उडी. 'रेट' आली की उलट्या क्रमाने दोन्ही बाइट उचलायचे, की आपण ०१०३वर हजर. पण सबरुटीनमध्ये एखादा 'पुश' करून 'पॉप' विसरलात, तर 'रेट' त्या भलत्याच बाइटला पत्ता समजते. प्रोग्रॅम कुठेही भरकटतो.

हेच भरकटणं मुद्दाम घडवता येतं. परतीचा पत्ता साध्या डेटाशेजारीच राहतो, म्हणून डेटा मर्यादेबाहेर भरून पत्ता बदलायचा. १९८८च्या मॉरिस वर्मने इंटरनेटवरच्या हजारो यंत्रांत शिरताना वापरलेल्या वाटांपैकी एक हीच. म्हणून आर्मने २०१६मध्ये परतीच्या पत्त्यावर गुप्त सही करण्याची सोय जाहीर केली. परतताना सही जुळली नाही, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. आज अनेक नव्या फोनमध्ये ही तपासणी दर सेकंदाला असंख्य वेळा होते, कदाचित तुमच्या हातातल्या फोनमध्येही.