काकूंचा गुडघा पूर्ण का वाकत नाही?

मालाडला आमच्या शेजारच्या काकूंनी गुडघा बदलून घेतला. दुखणं थांबलं, स्टेशनचा पूल चढता यायला लागला. पण डॉक्टरांनी बजावलं: जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. काकू मला म्हणाल्या, "तू त्यातच पीएचडी करतोस ना? मग एवढा महागाचा गुडघा पूर्ण का वाकत नाही?"

उत्तरासाठी १९७४ सालच्या न्यूयॉर्कला जावं लागतं. तिथे डॉ. जॉन इन्सॉल आणि सहकारी 'टोटल कॉन्डिलर' हा कृत्रिम सांधा बसवू लागले. मांडीच्या हाडाला धातूचं टोपण, नडगीवर प्लास्टिकची बैठक. तो वाकायचा जेमतेम ९० अंश. कारण गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. वाकताना मांडीचं हाड नडगीवर मागे सरकतं, म्हणून पुढे वाकायला जागा मिळते. हे सरकणं सांभाळणारा आतला अस्थिबंध या शस्त्रक्रियेत काढावा लागे. मग हाड मागच्या कडेला लवकर अडायचं.

१९७८ मध्ये अल्बर्ट बर्स्टीन या अभियंत्याबरोबर इन्सॉलनी तोडगा काढला. बैठकीच्या मधोमध एक खुंटी, टोपणात एक आडवा दांडा. गुडघा वाकला की दांडा खुंटीवर रेलतो आणि हाड मागे ढकललं जातं. इंजिनातल्या कॅमचीच ही युक्ती, मला तर फार आवडते! वाक ११० अंशांच्या आसपास गेला. खुर्चीतून उठायला तेवढा पुरतो, आणि त्यांचे रुग्ण खुर्चीवरच बसणारे होते.

उकिडवं बसायला मात्र १३० अंशांहून बराच जास्त वाक लागतो. मांडी घालायची तर वर पीळही. शिवाय आपल्याकडच्या, विशेषतः बायकांच्या, लहान हाडांवर परदेशी मापाचं टोपण कडेने बाहेर येतं. पुण्याच्या डॉ. के. एच. संचेती यांनी 'इंडस नी' हा गुडघा तयार केला तो नेमका भारतीय हाडं आणि बसायच्या सवयी समोर ठेवून.

पण सगळा दोष परदेशी मापाचा, असंही नाही. गुडघा जितका जास्त वाकतो तितकं प्लास्टिकवर टेकणारं क्षेत्र कमी होतं आणि त्याच जागी दाब वाढतो. झीज तिथे होते. डॉक्टरांची बंदी उगाच नसते. आणि नवा गुडघा किती वाकेल, हे बरंचसं ऑपरेशनआधी जुना किती वाकत होता यावर ठरतं.

काकूंना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "माझा किती वाकत होता?"

आम्ही फाईल काढली. एक्स-रे होते, बिलं होती, रक्ताचे रिपोर्ट होते. तो आकडा कुठेच नव्हता.