ऑपरेशननंतरची वर्षे

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४च्या अंकात पुण्याकडची एक हकीकत पत्ररूपाने छापून आली. इंग्रज फौजेचा मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक कापले गेले. सुमारे वर्षभर नाकाविना काढल्यावर पुण्याजवळच्या एका कुंभाराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. देठ शाबूत ठेवून कातडी फिरवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही, ही त्यातली युक्ती. प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हे पत्र प्रसिद्ध आहे.

बँकेतली नोकरी सांभाळून जुने कागद वाचण्याचा मला नाद. हे पत्र मी कितीदा वाचले असेल! पण त्यातली एक गोष्ट फार उशिरा माझ्या लक्षात आली. सोबतचे कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेले आहे. नवे नाक टिकते का, कपाळावरचा व्रण पुढे कितपत दिसतो, हेही पत्रलेखकाने नोंदवले आहे. नंतर काय झाले, हे त्याला महत्त्वाचे वाटले होते.

मला ते महत्त्वाचे वाटले २०१९च्या जुलैमध्ये. एका कंपनीने आपली खरखरीत पृष्ठभागाची स्तनरोपणे जगभरातून परत मागवल्याची बातमी आली आणि त्या रात्री ताईचा फोन आला. “माझ्यात कोणतं बसवलंय गं?” सात वर्षांपूर्वी कर्करोगामुळे तिचा एक स्तन काढला होता आणि रोपण बसवून नवा घडवला होता. मग हळूच म्हणाली, “ती बाजू कडक झालीय. सहा महिने झाले. कोणाला बोलले नाही.” रोग परतला, असे मनाशी धरून तिने ते सहा महिने काढले होते. दोनशे वर्षांपूर्वीचे पत्र तोंडपाठ असलेल्या मी सख्ख्या बहिणीची फाइल कधी उघडली नव्हती.

मी डॉक्टर नाही. पण त्यानंतर या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचत गेले, तो याच प्रश्नासाठी: नंतर काय होते?

एकोणिसाव्या शतकाअखेरीस अमेरिकेत हॅल्स्टेड यांनी स्तनासह छातीचे स्नायू काढण्याची पद्धत रूढ केली. त्या परंपरेत नवा स्तन घडवणे धोक्याचे मानले जाई. रोग उलटला तर तो झाकला जाईल, ही भीती. तरी १८९५मध्ये जर्मनीत चेर्नी यांनी एका स्त्रीच्या पाठीकडची चरबीची गाठ तिच्या छातीवर बसवली. १९०६मध्ये इटलीच्या तान्सिनींनी पाठीचा स्नायू कातडीसकट पुढे वळवण्याची रीत मांडली. ती जवळजवळ सत्तर वर्षे विस्मरणात गेली.

दरम्यान १९६२मध्ये ह्यूस्टन येथे क्रोनिन आणि गेरो यांनी पहिले सिलिकॉन रोपण एका स्त्रीच्या छातीत बसवले. ते आकार वाढवण्यासाठी होते. सत्तरच्या दशकात तेच कर्करोगग्रस्त स्त्रियांसाठी वापरात आले. पण शरीर परक्या वस्तूला विसरत नाही. रेशमाच्या किड्याने कोश विणावा तसे ते तिच्याभोवती आवरण विणते. हे प्रत्येकीत घडते. काहींत मात्र आवरण आवळत जाते, स्तन कडक होतो, आकार बिघडतो, दुखू लागते. किरणोपचार झाले असतील तर ही शक्यता वाढते. ताईला किरणोपचार झाले होते. तपासणीअंती तिच्या ‘परतलेल्या रोगा’चे नाव एवढेच निघाले.

रोपण फुटूही शकते, आणि जेल भरलेले फुटले तर अनेकदा बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएने १९९२मध्ये सिलिकॉन रोपणांवर निर्बंध घातले. पुनर्रचनेसाठी ती अभ्यासाच्या अटीवर मिळत राहिली. १९९९च्या एका मोठ्या अहवालाने संधिवातासारख्या आजारांशी संबंध सिद्ध होत नसल्याचे सांगितले, मात्र खरा त्रास छातीतच, वारंवारच्या शस्त्रक्रियांचा आहे, असेही म्हटले. २००६मध्ये निर्बंध उठले. २०११मध्ये एफडीएने जाहीर केले की पुनर्रचनेसाठी रोपण बसवलेल्या दोघींपैकी एकीला दहा वर्षांत ते काढावे लागते. त्याच वर्षी आवरणाभोवती होणाऱ्या, लसीकापेशींच्या एका विरळा कर्करोगाचा इशारा आला. बरीच वर्षे उलटल्यावर एकाएकी येणारी सूज ही त्याची खूण. वेळीच सापडला तर रोपण आणि आवरण काढून बहुतेकजणी बऱ्या होतात. २०१९मध्ये परत मागवलेली रोपणे याच कारणाने मागवली होती.

दुसरी वाट कावसजीच्या नाकाची. १९८२मध्ये अटलांटाच्या हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची कातडी, चरबी आणि स्नायू, रक्तवाहिनीच्या देठावर वर वळवून स्तन घडवला. असा स्तन शरीराबरोबर म्हातारा होतो, वजन वाढले की वाढतो. फुटण्याची धास्ती नाही. किंमत मात्र पोट मोजते: भिंत कमकुवत होते, कधी हर्निया होतो. म्हणून पुढे स्नायू जागीच ठेवून फक्त कातडी-चरबी घेण्याची पद्धत आली.

दोन्ही वाटांवर एक गोष्ट समान. स्पर्श पूर्वीसारखा क्वचितच परततो. गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी कळत नाही, ही सूचना साधी, पण ती द्यावी लागते. गोंदून केलेले स्तनाग्र फिकट होते. दुसरा स्तन वयाने ओघळतो आणि जुळलेली जोडी विजोड होते. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याने हे ओळखले: जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते, तिने पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवण्याचा आणि पुढच्या गुंतागुंतींचाही खर्च द्यावा.

ताईला घरी सोडताना “आता विसरून जा” असे सांगितले होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. पण रोपण हे जन्मभराचे साधन नव्हे, आणि पाच-सहा वर्षांनी, पुढे दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफीने ते तपासावे, असे एफडीएच सांगते. विसरून कसे चालेल?

फाइलीत औषधांच्या पावत्यांमध्ये रोपणाचे कार्ड सापडले. परत मागवलेल्यांच्या यादीत ते नव्हते. ताईने ते बदलायचे नाही असे ठरवले आहे. “कडकपणा आहेच,” ती म्हणते, “पण आता तो काय आहे ते माहीत आहे.” कार्ड हल्ली आधार कार्डाच्या पाकिटात असते आणि पुढच्या सोनोग्राफीची तारीख माझ्या डायरीत.