डोक्यावरचे टिंब

१९६० च्या सुमारास भंडाऱ्यात गिटार शिकविणारे कोणी मला ठाऊक नव्हते. माझे गुरू टपालाने येत! एक 'संगीत कला विहार'. गांधर्व महाविद्यालय मंडळाने ते १९४७ साली काढले; संपादक प्रा. बा. र. देवधर. थोर गवयांवरचे त्यांचे लेख वडील मोठ्याने वाचीत, आणि कधी न ऐकलेले गवई घरचेच होऊन जात. दुसरे हाथरसचे हिंदी 'संगीत', १९३५ पासूनचे.

माझे लक्ष स्वरलिपीकडे. मांडीवर आडवी हवाईयन गिटार, डाव्या हातात पोलादी कांडी, समोर अंक. आता गंमत पाहा. विष्णु दिगंबरांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावरचे टिंब म्हणजे मंद्र सप्तक. भातखंड्यांच्या पद्धतीत तेच टिंब तार सप्तकाचे! हा भेद मला कोण सांगणार? महिनाभर एक गत भलत्याच सप्तकात घोटली. शेजाऱ्यांनी सोसले. अखेर वडिलांनी चिन्हांची यादी शोधून दाखविली आणि समासात पेन्सिलीने लिहिले, 'खाली वाजव.'

पुढे घर बदलताना ते गठ्ठे मीच रद्दीत घातले. ती गत मला अजून येते. ते अक्षर मात्र आता कुठे पाहू?