फुकट ॲपचा हिशेब: एका नव्या अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

लहान मुलांची शैक्षणिक ॲप्स तपासणं हा अभ्यासाचा विषय आहे असं सांगितलं, की ऐकणाऱ्याला बहुधा हसू येतं. आवडलं तर ठेवायचं, नाही तर काढून टाकायचं. त्यात अभ्यास कसला? शिवाय फुकटचं. पण बालभारतीच्या पहिलीच्या पुस्तकाचं एखादं पान मुलापुढे येण्याआधी लेखक, विषय समिती, चित्रकार, परीक्षक अशा किती हातांखालून जातं ते आठवावं. १९६७ पासून ही व्यवस्था चालू आहे. तिच्यावर टीका करायला भरपूर जागा आहे, पण टीका ऐकायला निदान कोणीतरी समोर आहे. ॲपच्या दुकानात मात्र ‘शिक्षण’ हा कप्पा ॲप बनवणारा स्वतःच निवडतो. गूगलने २०२० मध्ये ‘शिक्षकांनी मान्य केलेलं’ असा शिक्का द्यायला सुरुवात केली, पण तो शिक्का नसलेली ॲप्सही त्याच दुकानात सुखाने नांदतात. ‘हे खरंच शिकवतं का, आणि कशाच्या बदल्यात?’ हा प्रश्न तिथे उभं राहून विचारणं, एवढंच या क्षेत्राचं काम. त्याला आईवडील हवेत, बालवाडीच्या ताई हव्यात, डी.एड.चे विद्यार्थी, भाषेचे अभ्यासक आणि प्रोग्रॅम लिहिणारेही हवेत. प्रवेश परीक्षा नाही. एक टॅब, एक वही आणि शक्य झाल्यास एक मूल पुरतं.

क्षेत्राचं वय लहान आहे. माउस आणि कीबोर्ड होते तोवर संगणक तीन वर्षांच्या मुलाच्या आवाक्याबाहेर होता. २०१० मध्ये आयपॅड आला आणि नुसतं बोट लावून काम भागू लागलं. पाचच वर्षांत ॲपलच्या दुकानातली ‘शैक्षणिक’ म्हणवणारी ॲप्स ८० हजारांवर गेली. यामागचा विचार मात्र जुना आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’ ही मुलांची टीव्ही मालिका सुरू झाली, तेव्हा एडवर्ड पामर या संशोधकाने एक युक्ती वापरली होती. मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम लावायचा आणि शेजारच्या पडद्यावर दर काही सेकंदांनी बदलणाऱ्या स्लाइड्स दाखवायच्या. मुलाची नजर कार्यक्रमावरून कधी ढळते ते टिपायचं आणि तेवढा भाग पुन्हा घडवायचा. नजर खिळली म्हणजे शिकणं झालं, असं मात्र त्या मंडळींनी धरलं नाही. मुलाला काय समजलं, याची तपासणी वेगळी होत असे. आजच्या ॲपवाल्यांनी यातला पहिलाच अर्धा भाग उचलला. मूल किती वेळ खिळलं हे त्यांना सेकंदापर्यंत ठाऊक असतं. दुसऱ्या अर्ध्याची विचारपूस क्वचितच होते.

नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी? कॅथी हर्श-पासेक, जेनिफर झॉश, रॉबर्टा गोलिंकॉफ आणि सहकाऱ्यांचा २०१५ चा दीर्घ लेख हे चांगलं दार आहे. मूल कसं शिकतं याच्या संशोधनातून त्यांनी चार कसोट्या काढल्या. मुलाचं डोकं चालतं का? लक्ष विषयावर टिकतं का? जे शिकतं ते त्याच्या जगण्याशी जोडलं जातं का? आणि दुसऱ्या माणसाशी काही देवघेव होते का? या चारही गोष्टी शिकण्याच्या एखाद्या ठरलेल्या उद्दिष्टाकडे नेणाऱ्या हव्यात, हेही त्यांनी बजावलं. कसोट्या ऐकायला सोप्या आहेत, लावायला बसलं की वाद सुरू होतात. फुगा फोडला की ‘क’ ऐकू येतो; इथे बोट चाललं, डोकं चाललं का? माझ्या मते नाही. तीन फुग्यांवर कप, मोर आणि पतंग आहेत आणि ‘क’ने सुरू होणारा फुगा फोडायचा आहे, मग चाललं. दोन्ही खेळांची चित्रं, रंग, आवाज अगदी सारखे असू शकतात, म्हणूनच दुकानातले नमुन्याचे फोटो पाहून मत बनवता येत नाही. हीच चौकट वापरून अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १२४ ॲप्स तपासली. निम्म्याहून जास्त खालच्या पायरीवर राहिली आणि त्यातही फुकटची मागे पडली.

का मागे पडली, हा माझ्या दृष्टीने कळीचा प्रश्न. ॲप फुकट आहे म्हणजे त्याचं बिल दुसरं कोणीतरी भरतं. ते कोण, हे आधी शोधावं, कारण पडद्यावर काय कुठे असेल हे बऱ्याच अंशी तिथेच ठरतं. पुष्कळ परीक्षक आशय आधी पाहतात आणि जाहिरातींची तक्रार शेवटी एका ओळीत उरकतात. मला हा क्रम उलटा वाटतो.

नेहमीच्या धाटणीचं एखादं अक्षरओळखीचं ॲप घ्या. ‘अ’ येतो, अननस येतो, टाळ्या वाजतात. ‘आ’, ‘इ’, ‘ई’ होतात आणि मध्येच पूर्ण पडदाभर गाड्यांच्या शर्यतीची जाहिरात उघडते. बंद करायची फुली कोपऱ्यात, काही सेकंदांनी उगवणारी, चार वर्षांच्या बोटाला न सापडण्याइतकी बारीक. बोट फुलीच्या शेजारी पडतं आणि मूल थेट दुकानाच्या पानावर पोचतं. परत आलं की ‘उ’ला कुलूप. कुलपावर बोट ठेवलं की ॲपमधला लाडका ससा रडवेलं तोंड करतो आणि वर्षाच्या वर्गणीचा आकडा दिसतो. यात अक्षरं चुकीची नाहीत, आवाजही बरा आहे, आशयाच्या तक्त्यात याला गुण मिळतील. पण टाळ्या, रडका ससा, कुलूप आणि ती फुली ही सगळी बिल भरणाऱ्याची सोय आहे. मिशिगन विद्यापीठातल्या जेनी राडेस्की आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या आतल्या मुलांची १३५ ॲप्स पाहिली, तेव्हा ९५ टक्क्यांत कुठल्या ना कुठल्या प्रकारची जाहिरात निघाली. ओळखीच्या पात्रानेच मुलाला खरेदीकडे ढकलण्याचे प्रकारही त्यांनी नोंदवले. जाहिरात आणि खेळ यांतली सीमा या वयाला दिसत नाही.

सगळंच फुकट असं नसतं. ‘खान अकॅडमी किड्स’ २०१८ पासून देणग्यांवर चालतं. जाहिरात नाही, कुलूप नाही. ‘जीकॉम्प्री’ २००० पासून स्वयंसेवकांनी उभं केलेलं आहे आणि त्याचा कोड खुला आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने मिळतात. गूगलचं ‘बोलो’ २०१९ मध्ये आपल्याकडे आलं, पुढे त्याचं नाव ‘रीड अलाँग’ झालं आणि त्यात मराठीही आहे. मूल मोठ्याने वाचतं, ॲप ऐकतं, अडलं की मदत करतं. मुलाचा आवाज फोनवरच तपासला जातो, बाहेर पाठवला जात नाही, असं ‘बोलो’च्या वेळी कंपनीने जाहीर केलं होतं. असे दावे परीक्षकाने तारखेसकट टिपून ठेवावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे आणि मुलांवर रोखलेल्या जाहिरातींना मनाई केली आहे. म्हणजे एखादं ॲप उघडताच माइक, ठिकाण आणि संपर्कयादी मागत असेल, तर तोही आता मूल्यमापनाचाच भाग आहे.

पद्धतीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. ॲप हातात घेतलं की मुद्दाम चुका करा. मोठ्या माणसाची सवय बरोबर उत्तर देत पुढे जाण्याची, त्यामुळे त्याला ॲपचा अर्धाच चेहरा दिसतो. तीन विचारलं तर पाच दाबा. पुन्हा पाच दाबा. मग न बघता सगळीकडे बोट फिरवा. काही ॲप्स नुसती ‘टॉंग’ वाजवतात. काही चौथ्या चुकीनंतर स्वतःच उत्तर देऊन टाळ्या वाजवतात. मुलाला चारदा चुकण्याचा रस्ता आपसूक सापडतो. काहींत चुकीच्या उत्तराची गंमत बरोबर उत्तरापेक्षा मोठी असते आणि मूल हसत हसत चुकत राहतं. फार थोडी ॲप्स पाच वस्तू मांडून एकेक मोजून दाखवतात आणि ‘आता तीन कर’ म्हणतात. या शेवटच्या प्रकाराला मी बाकी चार दोष माफ करतो.

चूक मुलाला स्वतःच दाखवून देणारं साधन ॲपहून जुनं आहे. मॉन्टेसोरीच्या साधनांत दट्ट्यांचा ठोकळा असतो. दहा खाचा, दहा दट्टे, प्रत्येकाची जाडी वेगळी. एक दट्ट्या सैल खाचेत बसवला की शेवटी एक दट्ट्या असा उरतो जो कुठेच जात नाही. ‘चुकलं’ म्हणायला कोणी लागत नाही, टाळीही नाही. मूल सगळे काढतं आणि पुन्हा लावतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हीच दृष्टी ठेवून महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणले. साधन स्वस्त कशाने होतं आणि स्वस्त होताना त्यातलं काय जाऊ द्यायचं नाही, याचा बारकाईने विचार मराठीत त्यांच्याइतका क्वचितच कोणी केला असेल. आपल्या क्षेत्राच्या वाचनयादीत त्यांचं लेखन अमेरिकी लेखांच्या आधी यावं, असं माझं मत आहे. ते सर्वांना पटेलच असं नाही.

ॲपच्या आत काय आहे हे पाहणं ही एक तऱ्हा; मूल शेवटी काय शिकलं हे मोजणं ही दुसरी. दुसरीचं मोठं उदाहरण टांझानियाचं आहे. ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ या दीड कोटी डॉलरच्या स्पर्धेत टांगा भागातल्या सुमारे १७० खेड्यांतल्या जवळपास २,७०० मुलांना टॅब दिले गेले. चार्जिंगला सौरऊर्जा, भाषा स्वाहिली. यातली ७४ टक्के मुलं शाळेत कधीच गेली नव्हती आणि ९० टक्क्यांहून जास्त मुलांना स्वाहिलीतला एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी एकही शब्द वाचता न येणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०१९ मध्ये ‘किटकिट स्कूल’ आणि ‘वनबिलियन’ यांना बक्षीस विभागून मिळालं. शेवटच्या पाचांत बंगळूरचं ‘चिंपल’ही होतं. निकाल उत्साह वाढवणारा आहे, पण उरलेल्या निम्म्यांना पंधरा महिन्यांनंतरही एक शब्द येत नव्हता, हे त्याच निकालाचं दुसरं पान. शिवाय त्या टॅबवर जाहिरात नव्हती आणि कुलूपही नव्हतं. बिल बक्षिसाने आणि देणगीने भरलं होतं. तिथला निष्कर्ष आपल्या घरातल्या टॅबला जसाच्या तसा लावणाऱ्यांपासून सावध राहावं.

गोष्टींच्या ॲप्सवर लायडनच्या आद्रियाना बुस आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ मध्ये घेतला. गोष्टीला धरून हलणारं चित्र आणि आवाज मदत करतात. गोष्टीत पेरलेले खेळ आणि दाबलं की काहीतरी उडी मारणाऱ्या जागा समज बिघडवतात. पानावरच्या बेडकाला दाबून ‘डराव’ ऐकण्यात राजा कुठे गेला ते विसरायला होतं. किती वेळ पडदा द्यावा, या प्रश्नात मी फार शिरत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोन्ही पाच वर्षांच्या आत दिवसाला तासाभराची मर्यादा घालतात आणि दोन वर्षांच्या आतल्यांना पडदा जवळजवळ नकोच म्हणतात. ॲप कितीही चांगलं निघालं, तरी त्याची तपासणी या तासाभराच्या आतच करायची.

खरं पडून राहिलेलं काम मराठीचं आहे. हिंदीसाठी बनवलेलं ॲप घाईने मराठी केलं, की पहिली खूण चित्रात दिसते: ‘ख’वर ससा बसलेला असतो, कारण मुळात तो खरगोश होता; ‘उ’वर घुबड. ‘म’ची मछली मराठीत मासा झाली तरी निभावून जाते, तो नशिबाचा भाग. दुसरी खूण अक्षराच्या वळणात. फॉन्टची मांडणी मराठीसाठी लावली नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. राज्य शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये वर्णमालेबाबत निर्णय काढून मराठी वळण ठरवून दिलं आहे. अक्षर गिरवायला लावणाऱ्या ॲपमध्ये ही चूक मुलाच्या बोटात जाऊन बसते. तिसरी खूण कानाला कळते: ‘चमचा’ आणि ‘चंद्र’ यांतला ‘च’ एकसारखा वाजला, ‘जहाज’ आणि ‘जिराफ’ यांतला ‘ज’ एकसारखा वाजला, तर यंत्राचा आवाज कुठून उसना आणला आहे ते ओळखावं. ‘ळ’ असलेले शब्द मुद्दाम शोधून ऐकावेत.

याहून अवघड प्रश्न ऐकणाऱ्या ॲप्सचा. नंदुरबारमधलं घरात भिली बोलणारं मूल किंवा मेळघाटातलं कोरकू बोलणारं मूल आपल्या वळणाने मराठी वाचतं, तेव्हा ॲप ते बरोबर धरतं की चूक? हे घरी बसून कळत नाही, त्या मुलांसोबत बसून नोंदी कराव्या लागतात. शिकागो किंवा सिडनीतल्या घरात प्रश्न वेगळा होतो. तिथे आईवडिलांखेरीज मुलाच्या कानावर पडणारा मराठी आवाज कदाचित त्या ॲपचाच असतो. अक्षरांपेक्षा वाक्यं, हाका आणि विचारपूस तिथे जास्त मोलाची, आणि एकाच ॲपला दोन ठिकाणी दोन वेगळे निकाल मिळणं तिथे साहजिक आहे.

नवख्यांसाठी शेवटी थोडं कारकुनी. ॲपच्या नावासोबत आवृत्तीचा क्रमांक, तपासणीची तारीख आणि टॅबचा प्रकार लिहावा. पुढच्या अपडेटमध्ये कुलपं आणि जाहिराती वाढू शकतात आणि जुना अहवाल वाचून कोणी भलतंच ॲप उतरवून घेईल. तपासणी एकदा इंटरनेट चालू ठेवून करावी आणि एकदा बंद करून. इंटरनेट बंद केलं की जाहिराती बहुधा गायब होतात आणि ॲप एकदम सज्जन वाटू लागतं. गुण यातल्या कुठल्या ॲपला द्यायचे, यावर अभ्यासकांत एकमत होणं कठीण आहे. पालक इंटरनेट बंद करून टॅब देऊ शकतात, म्हणून दुसरा निकालही छापावा, असं काहींना वाटेल. मी पहिल्याच्या बाजूने आहे, कारण बहुतेक घरांत टॅब मुलाच्या हाती जातो तो वायफाय चालू असतानाच.